नमुना सदनिकेतील पलंग

पुण्यातील त्या नमुना सदनिकेत मी पलंगावर आडवा झालो, तेव्हा माझे दोन्ही पाय घोट्यापासून पुढे अधांतरी राहिले. मला आजवर कोणी उंच म्हटलेले नाही.

"काका, झोपायचं नसतं हो, फक्त बघायचं," विक्री प्रतिनिधी हसला.

"मग निजायचं कुठं? उभ्यानं?"

"आबा, उठा की. लोक बघत्यात," मुलगा पुटपुटला.

मुलगा आणि सून केडगावहून रेल्वे धरून रोज पुण्याला नोकरीला जातात. त्यांचे हे पहिले घर. करार वाचायला म्हणून त्यांनी मला खुटबावहून सोबत नेले होते. रस्ता, वीज, पाटाचे पाणी, कशासाठीही मी अर्ज लिहीत आलो आहे. मला फाटकात पाहताच तालुक्याच्या कचेरीतील लिपिक चहाला उठतात.

मी उठून नीट पाहू लागलो. पलंग आखूड. कपाट इतके उथळ की सदरा आडवा टांगता येईना. खोल्यांना चौकटी होत्या, पण दारे नव्हती. दार उघडायला जागा लागते, ती कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून. खोली मोठी भासावी म्हणून साऱ्या वस्तू लहान घडवल्या होत्या! ही उघड फसवणूक असून तिला कलम लागते, असे मी मोठ्याने बजावले. प्रतिनिधीने शांतपणे भिंतीवरील बारीक अक्षरांच्या पाटीकडे बोट केले: 'येथील फर्निचर विशेष मापाचे, केवळ प्रदर्शनार्थ.'

लबाडीने स्वतःचीच पाटी लावली होती.

बाहेर येताच मी म्हणालो, "आजच तक्रार धाडतो."

"नका धाडू, आबा. बुकिंग कालच केलंय. भाव वाढणार होता."

"आन् मला कशाला आणलं?"

"घर दावायला."



दुसऱ्या सकाळी मी अंगणात राखेने त्या शयनगृहाची हद्द आखली, सदनिकेच्या नकाशातील मापाबरहुकूम. त्यांना द्यायचा ठरवलेला आमचा सागवानी पलंग मुलाच्या मदतीने आत ठेवला. पलंग मावला, दार उघडायला जागा उरली नाही.

"बघा आता," मी गरजलो.

सून पलंगाला वळसा घालून, जिथे खिडकी येणार होती तिथे रेघेशी जाऊन उभी राहिली.

"पलंग हितंच राहू द्या, आबा. आमी गादी टाकू खाली. तिथनं ऑफिसला चालत जाता येतंय. पहाटंच्या गाडीची धावपळ तरी सुटंल."

मी घरात जाऊन कागद आणि लेखणी घेतली.

तक्रारीचे पत्र लिहून तयार आहे. त्यावर मी जावक क्रमांकही घातला आहे. घराचा ताबा त्यांच्या हाती येईल, त्याच दिवशी ते टपालात पडेल.