होबार्टच्या मागे गाड्या नकोत

होबार्ट स्लोनला पुरायला नेलं तेव्हा त्याच्या मागे एकही गाडी नव्हती, आणि त्यावरून सगळं खोरं अजून ओलीटाला नावं ठेवतं. पोटच्या पोरीनं बापाला असं एकट्याला धाडावं? केंटकीच्या या डोंगरांत मेलेल्याच्या मागे दिवे लावून गाड्यांची रांग निघते. समोरून येणारा, ओळखीचा असो नसो, गाडी कडेला घेतो, रेडिओ बंद करतो, टोपी काढतो. ओलीटानं मात्र घरोघर निरोप पाठवला होता, परस्पर कबरीवर या, रांग लावू नका. लोकांना ते फार लागलं. लागू दे. ज्यांना काही ठाऊक नाही त्यांनी तोंड सांभाळून बोलावं.

ओलीटा दहा वर्षांची होती तेव्हा होबार्ट ओहायोत टायरच्या कारखान्यात होता. इकडच्या खाणी बंद पडल्या तशी निम्मी माणसं तिकडे गेलेली. मे अखेरीला मात्र आपापल्या कबरी झाडायला, त्यांवर कागदी फुलं ठेवायला झाडून सगळे गावी यायचे. सात तासांचा रस्ता. पुढे होबार्ट आणि ओलीटा, मागे आई वेस्टा, तिच्याजवळ फुलांची खोकी आणि डब्यात तळलेली कोंबडी. रेडिओवर सकाळपासून कंट्री गाणी. होबार्ट खालचा सूर धरायचा, ओलीटा मधला आणि वेस्टा वरचा.

डोंगर लागले की खरी गंमत. वळणाआड रेडिओ खरखरायचा आणि गाणं गडप व्हायचं. या तिघांनी थांबायचं नाही, गात राहायचं. पुढच्या वळणावर गाणं परत आलं की बघायचं, आपण त्याच ओळीवर आहोत का. वेस्टा कधी चुकली नाही. होबार्ट घाईनं पुढे पळायचा, मग ती त्याला विचारायची, अरे, कारखान्यातला पट्टा मागे लागलाय का तुझ्या?

अडुसष्ट साली वेस्टाच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं. रात्रीचं काही बाधलं असेल म्हणाली. दुपारी तिचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा होबार्टनं गावाची वाट सोडून इस्पितळाची धरली. अकरा मैल होतं ते. रेडिओ चालू ठेवायला तिनंच सांगितलं, तेवढंच मन रमतं म्हणून.

चार मैल गेले असतील, समोरून दिवे दिसले. कुणा खाणकामगाराची प्रेतयात्रा, म्हणजे रांग लांबच लांब असणार. रस्ता अरुंद, तरी कडेकडेनं गाडी निघाली असती. होबार्टनं मागे वळून पाहिलं.

"घे की कडेला," वेस्टा म्हणाली. "मेलेल्याला आडवं जायचं नसतं. दहा मिनिटांत काय मी मरते का?"

त्यानं गाडी थांबवली, रेडिओ बंद केला, टोपी काढून मांडीवर ठेवली. गाणं अर्ध्यावरच राहिलं होतं. ओळ हुकू नये म्हणून वेस्टा मागे हळू आवाजात ते पुढे नेत राहिली. ओलीटा गाड्या मोजत होती. विसाव्या गाडीपर्यंत आईचा आवाज येत होता. एकूण त्रेसष्ट गाड्या गेल्या.

शेवटची गेली तसा होबार्टनं रेडिओ लावला. तिथे दुसरंच गाणं चाललं होतं. बायकोला हसवावं म्हणून तो म्हणाला, "हरलीस की गं आज, वेस्टा."

मागून उत्तर आलं नाही. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पोटातल्या पोटात रक्त वाहत होतं, पाव तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

त्या गाडीत पुन्हा गाणं वाजलं नाही. मोठेपणी ओलीटा रुग्णवाहिकेवर चालक म्हणून लागली. सव्वीस वर्षं ती भोंगा वाजवत प्रेतयात्रांच्या कडेनं गाडी काढत राहिली. लोक शिव्या द्यायचे, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बापाचं सगळं केलं, पण त्या दिवसाबद्दल त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. राग होता तिचा त्याच्यावर. लपवून काय करायचं?

तरुणपणी खाणीत छातीत बसलेल्या धुळीनं शेवटी होबार्टला अंथरुणाला खिळवलं. एका सकाळी त्यानं लेकीला जवळ बसायला सांगितलं.

"ओली, माझ्या मागं गाड्या लावू नकोस."

"असं कसं डॅडी? लोक काय म्हणतील?"

त्याला दम लागला होता.

"समोरून कुणीतरी येत असेल," तो म्हणाला. "मागच्या सीटवर कुणी निजलेलं असेल."