न लिहिलेला बदल

जिंतूरच्या घरात बसून मी एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं मराठी कीबोर्डाचं पॅकेज सांभाळतो. सोबतीला पुण्याचा एक जण आहे. आमचा नियम एकच: बदल आधी गिटमध्ये, म्हणजे दोघांच्या सामाईक नोंदीत, कारणासकट टाकायचा आणि मगच पॅकेज बांधून अपलोड करायचं.

मागच्या महिन्यात त्यानं एक बिघाड दुरुस्त केला आणि गिटला हातही न लावता पॅकेज थेट अपलोड केलं. मला पत्ताच नाही. आठवड्यानं मी गिटमध्ये होतं त्यावरून नवी आवृत्ती बांधून पाठवली, आणि त्याची दुरुस्ती गायब झाली.

पालमला शाळेत शिकवणाऱ्या बहिणीचा फोन आला. "दादा, काय करून ठेवलंस? अपडेट केल्यापासून मराठी उमटंना. पोरं नुसती बसून हायत."

मी पुण्याला फोन लावला. तो हसला. "अरे, एका ओळीचा तर बदल होता. तेवढ्यासाठी काय लिहायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तेवढं लिहायला हात मोडले होते का तुझे?" असं ओरडून मी फोन ठेवला.

शेवटी त्याची ती ओळ मीच शोधून गिटमध्ये घातली, कारण लिहिलं, पुन्हा अपलोड केलं. आता कुणीही गिट उघडून बघावं. बिघडलेली आवृत्ती कुणी पाठवली, तर तिथं माझं नाव आहे, तारखेसकट. त्याचं कुठंच नाही. मी लिहून ठेवतो ना!