घणवाली अक्का

गाडी दुकानासमोर थांबली की ती आधी बॉनेटवर पंजा मारायची. असा सणसणीत, की आत बसलेला ड्रायव्हर दचकायचा. मग गाडीलाच विचारायची, "बोल, काय दुखस तुले?"

ड्रायव्हरने उत्तर द्यायला तोंड उघडलं तर म्हणायची, "तुले नही इचारं."

नरडाण्याजवळ हायवेला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं गाड्यांचे पाटे-कमानी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, समोर एक निंब, निंबाखाली खाट. आम्ही सगळे ड्रायव्हर तिला अक्का म्हणायचो. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्याने जुनी गाडी चालवली असेल, तर तुम्ही तिला पाहिलंच असेल. लुगड्यावर पुरुषाचा खाकी शर्ट, कपाळावर काजळीचा पट्टा आणि खांद्यावर घण.

मी दोंडाईच्याहून धुळ्याला मिरच्यांची पोती वाहायचो. पिकअप जुनी होती. खड्ड्यात गेली की मागून 'खट्' असा आवाज यायचा आणि गाडी डाव्या अंगाला ओढायची. अक्काने मागच्या बंपरवर चढून दोनचार उड्या मारल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "रबर मरी गयं. आते लोखंड लोखंडले खास."

पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो. त्यात रबराचा बुश बसवलेला असतो. धक्का तो खातो. तो झिजला की बोल्ट आणि डोळा एकमेकांना घासून संपवतात. नवा बुश बसवणं अवघड नाही. जुना बाहेर काढणं म्हणजे मारामारी असते. गंजून तो डोळ्याशी एकजीव झालेला असतो. अक्का त्यावर गॅसची ज्योत धरायची. रबर पेटायचं, काळा धूर निघायचा, घशात कडू चव उतरायची. मग सुंबा, म्हणजे जाड लोखंडी ठोकणी, त्यावर टेकवून घण. प्रत्येक घावाला शिवी. शिव्या कुणाला असत ते आम्हाला कळत होतं, कारण शिव्यांचा मानकरी निंबाखाली खाटेवर पालथा पडलेला असायचा.

तिचे आईबाप गावोगाव पाल ठोकून विळे-कुऱ्हाडी घडवायचे. बाप सांडशीत लोखंड धरायचा आणि मायलेकी घण मारायच्या. लहानपणापासून तिच्या हातात दुसरं खेळणंच आलं नाही, असं ती सांगायची. सांगताना हसायची.

एकदा एक अगडबंब ड्रायव्हर आला. गाडी एका बाजूला बसते म्हणाला. अक्काने गाडीभोवती चक्कर मारली, त्याच्या पोटाकडे पाहिलं. "तू उतर भाऊ. तुनामुळेच बठेल शे." तो उतरला, आणि गाडी खरोखरच चार बोटं वर आली. दिवसभर हायवेवर तीच गोष्ट.

तिचा नवरा, आमचा मिस्तरी, शुद्धीत असला की चांगला कारागीर होता. वेल्डिंग तर असं करायचा की सांधा शोधावा लागायचा. पण दुपारनंतर तो शुद्धीत सापडत नसे. आणि अक्काचा डोळा कधी काळानिळा असायचा, कधी ओठ फुटलेला. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "जॅक सटकना."

ट्रकचा जॅक उचलणारी ती बाई. ती त्याला उलट का मारत नाही, याची चर्चा चहाच्या टपरीवर चालायची. मी एकदा तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मना हात हलका नही शे, भाऊ. एक मारी तर तो उठाव नही."

एका उन्हाळ्यात माझीच पिकअप जॅकवर होती. मागचं चाक काढलेलं, अक्का खाली पाठीवर पडून बोल्ट सोडवत होती. मिस्तरी झोकांड्या देत आला. त्याला मोटारसायकलची चावी हवी होती. ती अक्काने लपवली होती, कारण आदल्याच आठवड्यात तो नाल्यात पडला होता.

"चावी दे."

"नही देवाव," गाडीखालून आवाज आला.

त्याने आणखी एकदा मागितली, तिने आणखी एकदा नाही म्हटलं. आणि त्याने जॅकला लाथ घातली.

गाडी बसली. अक्काची सवय होती, चेसिसखाली जुना रिम सरकवून ठेवायची. त्या रिमवर गाडी अडली, म्हणून छाती वाचली. डावा हात वाचला नाही. आम्ही धावलो, चार-पाच जणांनी मिळून गाडी उचलून धरली. ती सरपटत बाहेर आली. ओरडली नाही. दोन बोटं नुसती कातड्याला लोंबत होती. तिने ग्रीसचं फडकं हाताला गुंडाळलं, दाताने गाठ मारली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो तिथेच उभा होता, जागचा हललाही नव्हता.

"मी मरनी का जिती शे," ती आम्हाला म्हणाली, "वाकीसन दखं बी नही यानी."

तिने उजव्या हाताने घण उचलला. मिस्तरी "ए, ए" करत मागे सरला आणि खाटेवर बसकण मारली. कुणी तिला धरलं नाही. खरं सांगायचं तर धरायची कुणाची छाती नव्हती. लोखंडावरचा घणाचा आवाज मी कित्येकदा ऐकला होता. हाडावरचा त्या दिवशी ऐकला. लाथ मारलेला पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला. मिस्तरीची किंकाळी ऐकून हायवेवरच्या गाड्या थांबल्या.

तिने घण टाकला. लगेच आमच्यावरच खेकसली, "दखतस काय? टाका याले गाडीमा!"

एका दूधवाल्याची गाडी होती. कॅन उतरवून आम्ही मिस्तरीला आत घातलं. धुळ्यापर्यंत अक्का त्याचा मोडका पाय मांडीवर धरून बसली होती. खड्डा आला की पाय वर उचलून धरायची, धक्का बसू नये म्हणून. फडक्यातून तिचं रक्त त्याच्या पँटवर ठिबकत होतं आणि वाटभर ती त्याच्या सात पिढ्या उद्धरत होती.

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. मिस्तरी छताकडे बघत म्हणाला, "जॅक सटकना, साहेब."

हवालदाराने अक्काच्या हाताकडे पाहिलं. "आणि हिचं?"

"जॅकच," अक्का म्हणाली.

"एकच जॅक दोघांवर सटकला?"

"जुना शे, साहेब."

हवालदाराने तसंच लिहून घेतलं आणि निघून गेला.

त्यानंतर मिस्तरीने तिच्यावर हात उगारला नाही. दारू सुटली नाही, पण हात उगारणं गेलं ते गेलंच. काठी टेकत खाटेवर येऊन बसायचा. एकदा मी गेलो, तेव्हा तो बसल्या बसल्या जाड लोखंडी पट्ट्यांच्या घोड्या वेल्ड करत होता. गाडी त्यांच्यावर ठेवली की हत्तीने ढकलली तरी पडू नये अशा. झाल्यावर त्याने त्या काठीने तिच्याकडे ढकलल्या. अक्काने एकेकीला लाथ मारून पाहिली, हलल्या नाहीत, मग गाडीखाली सरकवल्या. मला वाटलं, या घरातली मारामारी संपली.

त्यांना एक मुलगी होती. तिचं लग्न झालं तेव्हा अक्काने पहिल्यांदा नवं लुगडं नेसलेलं आम्ही पाहिलं, आणि हातांची काजळी दगडाने घासून घासून कातडी सोलून घेतलेली पाहिली. वाढायला उभी होती. तुटक्या बोटांचा हात पदराखाली लपवत होती.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी पुन्हा बुश बदलायला गेलो होतो. नवे बुश बसले, गाडी खाली उतरवली, तेवढ्यात रिक्षातून मुलगी उतरली. जबडा सुजून एका बाजूला आलेला, ओठ फाटलेला. ती आईजवळ येऊन उभी राहिली. तिला बोलताच येत नव्हतं. तिच्या मागोमाग मोटारसायकलवर जावई आला. त्याने रीतसर सासऱ्याच्या पाया पडून घेतलं. म्हणाला, न्यायला आलोय.

मिस्तरीने लेकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाला, "नवरा शे. एखादी थापड लागी जास. लई जा तिले."

अक्का फडक्याला हात पुसत होती. पुसायची थांबली. मग तिने घण उचलला.

मिस्तरीने धड असलेला पाय खाटेखाली ओढून घेतला. मी पाहिलं ते. जावई निंबामागे गेला. पण अक्का दोघांच्याही जवळून पुढे गेली, मोटारसायकलपाशी. पहिला घाव दिव्यावर बसला. दुसऱ्याला टाकी आत गेली. मग इंजिन, मग चाकं. पेट्रोल वाहत मातीत मुरलं. पार मोडेपर्यंत ती मारत राहिली. त्या दिवशी तोंडातून एकही शिवी नाही. जावई कधी पळाला, कुणालाच कळलं नाही.

तिने घण भिंतीला टेकवला. मुलीचा हात धरून तिला माझ्या पिकअपमध्ये बसवलं. मी चावी लावायला गेलो तर म्हणाली, "थांब भाऊ. बोल्ट आवळाना बाकी शेतस."

बुशाचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे असतात. आधी आवळले तर नवं रबर पिळवटून फाटतं. ती गाडीखाली गेली, सगळे बोल्ट एकेक करून आवळले, बाहेर आली, पाना जागेवर ठेवला. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

"टेशनवर सोड आमले," ती म्हणाली. "मुक्ताईनगरले मना भाऊ शे."

नरडाणा स्टेशनवर गाडीला वेळ होता. अक्काने केळी घेतली. लेकीचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून केळ्याचा कुस्करा करून उरलेल्या बोटांनी थोडा थोडा तिच्या ओठांच्या फटीतून सरकवत राहिली. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्का म्हणत होती, "गिळ. रडानं मंग. आधी गिळ." गाडी आली, दोघी बायकांच्या डब्यात चढल्या. मला हात करायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. मिरच्या घेऊन एकदा मुक्ताईनगरकडे गेलो होतो, तेव्हा चौकशी केली. कुणी म्हणालं, घण मारणारी एक बाई होती, लेकीला घेऊन पुढे कुठेतरी गेली.

त्या दिवशी स्टेशनवरून परतताना मी दुकानापाशी थांबलो. मिस्तरी मोटारसायकलच्या तुकड्यांत जमिनीवर बसला होता. काठी लांब पडली होती.

"गई?" त्याने विचारलं.

"गेली."

त्याने हाताला लागलेला दिव्याच्या काचेचा तुकडा उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला. मग लहान पोरासारखा हुंदका देत म्हणाला, "मले मारं बी नही तिनी, भाऊ. मले मारं बी नही."