थांबणं ठाऊक नसलेले हात

डॉक्टरबाई माझ्या तुंबलेल्या रक्तवाहिनीबद्दल सांगत होत्या. टेबलावर त्यांनी हात उघडला, मूठ मिटून मागे ओढली आणि पुन्हा रिकामा हात पुढे केला. "वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींना असे हात असतात, काका. कोलेस्टेरॉलचा कण पकडायचा, आत न्यायचा, परत बाहेर यायचं. पोट भरलं, की पेशी हात कमी करते. पण नासलेले कण पकडणारे हात वेगळे. त्यांना थांबणं ठाऊक नाही. पेशी खात सुटते, फुगते, मरते. मग एक दिवस भिंतच फाटते."

मी बैलबाजारातला दलाल. आमचे भाव रुमालाखाली, बोटं दाबून ठरतात. हात कधी काढून घ्यायचा हे ज्याला कळलं, तो तरला. मी तरलो, शून्यातून वर आलो. पण थोरल्या भावानं मला बैलाच्या कासऱ्यानं फोडून काढून घराबाहेर हाकललं होतं, ते मात्र रोज नव्यानं गिळत आलो.

गेल्या बाजारी तोच समोर आला. रुमालाखाली हात घालून म्हणाला, "बोल धाकट्या, बैलाचं काय म्हणतोस?" मी त्याची बोटं धरून पिळली. एक हाड कडकन मोडलं. तेवढ्यानं माझं पोट भरायला हवं होतं. मी दुसरं बोट धरलं. त्यानं हात काढला नाही. भोवतालचे म्हणाले, "सौदा जुळतोय वाटतं!"

"ऑपरेशन उद्याच करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहीला घरचं कोण आहे?"

"थोरला भाऊ, एवढाच," मी म्हणालो. "पण त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे."