सांडव्यावरची जाळी

ओढ्याला मातीचा बांध घालून तात्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, स्वतःच्या जमिनीत तळं उभं केलं. सुट्टीला लोक होड्या फिरवायला, गळ टाकून बसायला येत. पकडलेला मासा मात्र तात्या परत पाण्यात सोडायला लावत. तात्यांचं लग्न राहूनच गेलं होतं. बोटाएवढे आणून सोडलेले मासे हातभर झाले, तेव्हा पोरगं परीक्षेत पहिलं आल्यासारखे तात्या गावभर मिरवले.

जास्तीच्या पाण्याबरोबर मासे निसटू नयेत म्हणून त्यांनी सांडव्याच्या तोंडाला तारेची जाळी ठोकली. अक्का तेव्हाच म्हणाली होती, "पाण्याच्या दाराला कडी घालतोयस. घाल बाबा, तू शहाणा."

त्या दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. वरच्या रानाचं पाणी मात्र आता कुठे पोचत होतं, पाचोळा आणि काटक्या घेऊन. जाळी भिंतीसारखी बुजली. तळं चढू लागलं. मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहिलं, की बांध विरघळलाच. आणि बांधाखाली अक्काचं घर.

तात्या कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दाताळ्यानं पाचोळा ओढत होते. ओढावा, तोवर नवा येऊन चिकटे.

सुनेला, नातवंडांना टेकाडावर पाठवून अक्का बांधावर आली. हातात तार कापायची कात्री.

"काप."

"थांब गं जरा. उतरेल."

"वीतभर उरलंय, तात्या."

"सगळे जातील. किती जपून वाढवलेत."

"तुलाही मीच वाढवलंय."

तात्यांनी दाताळं टाकलं. कात्री घेतली. ताणलेली एकेक तार तुटताना कण्हल्यासारखी वाजत होती. शेवटची तुटली आणि जाळी त्यांना घेऊनच निघाली. अक्कानं सदऱ्याची कॉलर धरली आणि बांधावर फतकल मारून बसली. पाणी गर्जत सुटलं. त्यात रुपेरी पाठी चमकल्या, दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी तळं उतरलं. बांधाचा माथा कोरडा राहिला होता. अक्काच्या कुंपणाला अडकलेला एक मासा तिनं बादलीत घालून आणला.

"घे. हा तुझ्यासारखाच हट्टी. जाता जाईना."

तात्यांनी तो तळ्यात सोडला.

"पुढच्या पाण्याला जाईल हाही," अक्का म्हणाली.

"जाऊ दे," तात्या म्हणाले, आणि सांडव्याच्या कडेला उरलेल्या तारा उपटायला बसले.