लाल्याला ‘चल’ कळेना

डिंगोरे गावची मोहिनी वेल्डर आहे. आयटीआयच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. आता नारायणगावच्या एका वर्कशॉपमध्ये टोमॅटोचे क्रेट वाहायच्या ट्रॉल्या बनवते. तुटलेलं काही दिसलं की जोडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पण लाल्यापुढे तिची विद्या चालेना.

लाल्या तिचा कुत्रा. कारवानी जातीचा, काटक, लांब पायांचा. मनासारखं पळायला मिळालं नाही की तो ठिबकच्या नळ्या चावायचा. तिसऱ्यांदा शेतात तळं साचलं, तेव्हा सासरे गेणभाऊंनी निकाल दिला.

“रविवारी डोंगरातनं जानकू येतोय. त्याला राखणीला कुत्रं पायजे. देऊन टाकू.”

हातात पाच दिवस. मोहिनीने मोबाइलवर पाहिलं होतं, बाहेरच्या देशांत कुत्रा जुंपून स्कूटर पळवायचा खेळच आहे. इंजिनाची स्कूटर नव्हे. दोन चाकं, उभं राहायला फळी, हँडल आणि ब्रेक. दोन भंगार सायकली कापून तिने दोन संध्याकाळींत ती उभी केली. ब्रेक मात्र नवे टाकले. ओढ गळ्यावर येऊ नये म्हणून जुन्या दप्तराच्या पट्ट्यांचा छातीपट्टा शिवला. दोरीत ट्यूबचा तुकडा गुंफला, म्हणजे हिसका बसला तरी तो ताणला जाईल, कुत्र्याला लागणार नाही.

शुक्रवारी ऊन तापायच्या आत, मातीच्या वाटेवर, हेल्मेट घालून ती फळीवर चढली.

“लाल्या, चल!”

लाल्या वळला आणि शेपटी हलवत तिच्याकडेच आला. दोरी चाकात गुंतली. सोडवली, पुन्हा “चल”, पुन्हा गुंता. शनिवारीही तेच. शेजारची अश्विनी बांधावरून ओरडली, “वहिनी, त्याला करा फळीवर उभं, तुमीच वढा!”

रविवारी गेणभाऊ ओट्यावर बसून हे बघत होते. तरुणपणी त्यांनी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळवले होते. शेवटी त्यांना राहवेना.

“अगं, रोज ‘चल, चल’ करून त्याला जवळ बोलावतीस. आन् आता ‘चल’ म्हंजी जा? त्यानं करावं काय?”

मोहिनी चपापली. तिने सगळं जोडलं होतं. शब्दच चुकीचा लावला होता.

“मग काय म्हणू, मामा?”

“आन् म्होरं घोडी कुठंय? घाटात गाड्याच्या म्होरं घोडी पळती, तिच्यामागं बैल सुटत्यात. मोकळ्या वाटंला कोण पळंल?”

एवढं बोलून ते उठले, मोपेडला किक मारली आणि लाल्याच्या पुढ्यात जाऊन मान वळवून शर्यतीतली आरोळी ठोकली, “भिर्रर्र!”

लाल्याचे कान ताठ झाले. दोरी ताणली, फळी हलली, आणि मोहिनीने हँडल घट्ट धरलं. मोपेडमागे लाल्या, लाल्यामागे ती. धूळ, वारा आणि तिचं मोठमोठ्याने हसणं. बाभळीच्या वळणावर तिने ब्रेक दाबले, सावलीत लाल्याला पाणी पाजलं.

तिथेच जानकू दोर घेऊन उभा होता. “गेणभाऊ, कुत्रं न्यायला आलोय.”

“त्ये व्हय?” गेणभाऊंनी मोपेड वळवली. “त्ये जुंपलंय, राव. न्हाई देता येणार.”

“आवं, पण तुमीच म्हणला व्हता की!”

“म्हणलो व्हतो. तवा मी त्याची घोडी नव्हतो. सर बाजूला, अजून एक बारी मारायचीय.”