प्रज्ञाच्या खुर्चीभोवती

सरांचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याच्या ऑफिसात होते. सर म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, प्रज्ञाचे बाबा. शाळेत असताना मी त्यांच्या क्लासला गणित शिकले, म्हणून ते अजूनही माझे सरच. "प्रज्ञा गेली गं," एवढंच म्हणाले. मागे कुणीतरी हॉस्पिटलातली ट्रॉली ढकलत नेत होतं, त्याच्या चाकांचा आवाज तेवढा येत राहिला. मग त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का?" मी हो म्हटलं. डबा पुढ्यात तसाच बंद होता.

कॉलेजात असतानाच प्रज्ञाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आई ती लहान असताना वारली. सरांना मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी घेता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. "माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण घ्या," असं सर हात जोडून म्हणाले, तेव्हा मी तिथेच उभी होते. मग प्रतीक्षायादीत नाव आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी ऑपरेशन करून तिच्या डाव्या हातातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, त्याने काही उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचंसुद्धा नाही. त्या जागी बोट टेकवलं की आत रक्ताची घरघर जाणवायची. नवीन कुणी ओळखीचं झालं की ही हात पुढे करायची, "लाव ना बोट, घाबरतोस काय? माझ्यात इनबिल्ट अँप्लिफायर आहे." समोरच्याचा चेहरा पडायचा आणि ही खदखदून हसायची.

डोंबिवलीजवळ कोपरला त्यांच्या घराच्या खालच्याच मजल्यावर सरांचा क्लास होता. पोरं मोबाइलवर शिकायला लागली तशी बाकं रिकामी होत गेली आणि एक दिवस सरांनी क्लास बंद केला. ती खोली प्रज्ञाने मागून घेतली. आम्ही मित्रमैत्रिणींनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, बाकं जोडून स्टेज केलं, एका मंडपवाल्याकडचे जुने स्पीकर आणले. फळा होता तिथेच राहिला, आणि जागेचं नावही आम्ही 'वर्ग'च ठेवलं. डोंबिवली, उल्हासनगर, पार खडवलीहून पोरं गिटारी घेऊन यायला लागली. ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं, अशी सगळी, पंक वाजवणारी; पंक म्हणजे वेगवान, ओरडून गायचं, रागावलेलं रॉक. सर पहिल्यांदा ऐकायला आले ते कानांवर हात ठेवूनच. "एवढं ओरडायचं कशाला? नीट सांगता येत नाही का?" त्यांनी विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "सांगून झालंय, बाबा. म्हणून तर पंक."

ती स्वतः मात्र नेहमी मागे, आवाजाच्या मिक्सरपाशी. डावा हात उशीवर. पुढे पोरं एकमेकांवर आदळत, उड्या मारत नाचायची आणि ही कोपऱ्यातून त्यांचा आवाज कमीजास्त करत बसायची. मला एकदाच म्हणाली, "आतमध्ये कसं वाटत असेल रे त्या लोकांना..." मुलीलाही 'रे' म्हणायची तिची सवय होती.

शिलाँगच्या चार मुलींचा एक पंक बँड देशभर दौरा करत होता. पुणे झालं, मुंबई व्हायची होती, मधला रविवार मोकळा. प्रज्ञा त्यांच्या मागेच लागली आणि त्या आल्या. रिक्षांतून, मांडीवर गिटारी घेऊन. सरांनी सगळ्यांना वरण-भात करून वाढला. संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गाणी झाली आणि त्यांची गायिका लिंडा अचानक थांबली. मागे बोट करून तिने विचारलं, "जिसने हमें बुलाया, वो वहाँ क्यों बैठी है?" मी पुढेच होते. हाताबद्दल सांगितलं, धक्का लागला तर काय होईल तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माइकवर म्हणाली, "तो धक्का मत देना."

पोरांनी बाजूला होत खोलीच्या मधोमध जागा केली. कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. दारात सर उभे होते. "नाही. अजिबात नाही," ते म्हणाले. प्रज्ञा उठलेली होती. "बाबा, एकच गाणं." सर इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून आत आले, तिला खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी उभे राहिले आणि तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला. गाणं सुरू झालं. पोरं त्या दोघांभोवती गोल धावायला लागली. पाय आपटत, ओरडत, घामाने निथळत, पण तिच्या खुर्चीला कुणाची ओढणीसुद्धा लागली नाही. प्रज्ञा मान मागे टाकून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मध्येच तिने सरांना काहीतरी सांगितलं, आणि माझ्या गणिताच्या सरांनी डोळे मिटून तोंड उघडलं. त्या गदारोळात त्यांचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. नंतर मी विचारलं, काय ओरडलात? म्हणाले, "कुणास ठाऊक. घसा दुखतोय पण." एकच गाणं ठरलेलं, ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही.

त्यानंतर वर्षही मिळालं नाही. ताप आला, तो इन्फेक्शनचा निघाला, आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात चार-पाच दिवसांत सगळं संपलं. यादीतलं तिचं नाव वर सरकत होतं, असं सर मला त्याच आठवड्यात सांगत होते. पुण्यानुमोदनाला, तिच्या शोकसभेला, खाली 'वर्ग'ची खोली भरली. तीच सगळी पोरं, पांढऱ्या कपड्यांत. बुद्धवंदना झाल्यावर सर हात जोडून म्हणाले, "येत जा रे... वरती फार शांत असतं."

गेल्या रविवारी मी गेलेले. सर मिक्सर पुसत होते. प्रत्येक बटणाखाली प्रज्ञाने चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय: ढोल, गिटार, गळा. पट्टी डायलिसिसमधली, हातावर कापूस चिकटवतात ती पांढरी, कागदी. सर त्या पट्ट्यांच्या कडेकडेने फडकं फिरवत होते. 'गळा'चं एक टोक सुटलं होतं. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला. डायलिसिस झालं, सुया काढल्या, की रक्त थांबेपर्यंत तिच्या हातावरचा कापूस असाच सर दाबून धरायचे. नर्सला करू द्यायचे नाहीत. बराच वेळ झाला. मी म्हटलं, "सर, चिकटली असेल आता."

"थांब जरा," ते म्हणाले. "लगेच सोडायचं नसतं."